बाक, दिवा आणि दफनभूमी

महिन्यातील ठरलेल्या वारी सायंकाळी सातच्या सुमारास वेल्समधील एखाद्या खेड्याच्या सार्वजनिक सभागृहात आठ-दहा माणसे एका लांब टेबलाभोवती जमतात. त्यांत एखादे निवृत्त शिक्षक असतात, मेंढ्या पाळणारा शेतकरी असतो, गावातील दुकान चालविणाऱ्या बाई असतात. प्रत्येकापुढे विषयपत्रिकेची प्रत असते आणि तिच्यावर नजर टाकली तर राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याची निराशाच व्हावी. बसथांब्याच्या निवाऱ्याची काच फुटली आहे; पाऊलवाटेवरील फाटकाची बिजागरी निखळली आहे; मुलांच्या मैदानावरील झोपाळ्यांची वार्षिक तपासणी करून घ्यावयाची आहे; कुत्री फिरावयास नेणारे लोक त्यांची घाण उचलत नाहीत, ही तक्रार पुन्हा एकदा आली आहे; एका घरमालकास घरामागे खोली वाढवावयाची असून तिच्यावर अभिप्राय कळवावयाचा आहे; आणि नोव्हेंबरात युद्धस्मारकास वाहावयाच्या पुष्पचक्राचा खर्च मंजूर करावयाचा आहे. दीड-दोन तासांत सभा संपते. वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर तिचा उल्लेख येत नाही आणि तो येण्याचे कारणही नसते.

या सभेचे नाव ‘कम्युनिटी कौन्सिल’. वेल्स हा देश क्षेत्रफळाने अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडा मोठा आणि लोकसंख्येने त्याहून बराच लहान. २०२१ च्या जनगणनेत तेथे सुमारे ३१ लाख माणसे होती. एवढ्याशा देशात अशा ७३० हून अधिक कौन्सिला असून त्यांच्या सभासदांची संख्या ८,००० च्या घरात जाते. वर लंडनची पार्लमेंट, तिच्याखाली कार्डिफ येथील ‘सेनेद्द’ हे वेल्सचे विधिमंडळ, त्याखाली २२ मुख्य स्थानिक संस्था आणि अगदी तळाशी या कौन्सिला, अशी ही उतरंड आहे. शाळा, वृद्धांची सेवा, रस्ते, कचरा आणि बांधकामाचे परवाने ही वजनदार खाती त्या २२ संस्थांकडे आहेत. तळच्या कौन्सिलीकडे राहते ते त्यांतून उरलेले: बाक, दिवा, बसथांबा, खेळाचे मैदान, भाजीपाला लावण्यासाठी भाड्याने द्यावयाचे जमिनीचे तुकडे आणि दफनभूमी.

तथापि या उरल्यासुरल्या कारभारात एक गुण असा आहे की, जो वरच्या कोणत्याही पायरीवर सापडत नाही. पैसा भरणारा, तो खर्चणारा आणि त्या खर्चाचे बरेवाईट भोगणारा अशी तिन्ही माणसे येथे एकमेकांना दररोज रस्त्यात भेटतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून सार्वजनिक खर्चाच्या जबाबदारीवर प्रकरणेच्या प्रकरणे लिहिलेली असतात. त्या जबाबदारीचे याहून साधे रूप शोधूनही मिळणार नाही. आज या रचनेवर दोन बाजूंनी ताण पडत आहे. वरून कामे ढकलली जात आहेत आणि खालून ती करावयास माणसे पुढे येत नाहीत.

‘पॅरिश’ ते ‘कम्युनिटी’

या संस्थांचा उगम १८९४ च्या कायद्यात आहे. त्यापूर्वी गावचा कारभार चर्चला जोडलेल्या सभेकडे असे. वेल्समध्ये ही गोष्ट विशेष खटकणारी होती. कारण तेथील धर्मनिष्ठ जनतेपैकी बहुसंख्य लोक इंग्लंडच्या अधिकृत चर्चला न मानणाऱ्या पंथांचे होते. ज्या चर्चमध्ये आपण पाऊलही टाकत नाही त्याच्या दिवाणखान्यात आपल्या गावच्या वाटांचा निर्णय व्हावा, हे त्यांना कसे रुचावे? १८९४ च्या कायद्याने गावचा ऐहिक कारभार चर्चपासून वेगळा करून निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिलीकडे दिला. विशेष म्हणजे या कौन्सिलींसाठी मत देण्याचा आणि निवडून येण्याचा हक्क विवाहित स्त्रियांनाही त्याच कायद्याने मिळाला. पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देण्यासाठी ब्रिटिश स्त्रियांना १९१८ पर्यंत थांबावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या तरतुदीचे मोल कळते.

पुढे १९७२ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने वेल्समधील ‘पॅरिश’ हा शब्दच रद्द केला. १ एप्रिल १९७४ पासून ‘कम्युनिटी’ हे नाव रूढ झाले आणि त्याबरोबर चर्चची उरलीसुरली छायाही गेली. इंग्लंडमध्ये मात्र पॅरिश हा शब्द आजही चालू आहे. ज्या कम्युनिटीस आपण शहर आहोत असे वाटते तिच्या कौन्सिलीने तसा ठराव करावा की ती ‘टाउन कौन्सिल’ होते आणि तिचे अध्यक्ष ‘मेयर’ म्हणवून घेतात. अधिकार तेच राहतात. गळ्यात साखळी तेवढी येते.

यानंतरचा बदल अधिक परिणामकारक ठरला. १९७४ मध्ये वेल्समध्ये ८ काउंट्या व त्यांच्याखाली ३७ जिल्हे होते. १९९६ मध्ये या दोन्ही पायऱ्या मोडून त्यांच्या जागी २२ एकसंध संस्था आल्या. प्रशासनाच्या दृष्टीने ही सुटसुटीत व्यवस्था होती. परंतु त्यामुळे गाव आणि त्यावरची संस्था यांमधील अंतर वाढले. पोविस ही एकच काउंटी वेल्सच्या सुमारे चतुर्थांश भूभागावर पसरलेली आहे. तिच्या उत्तर टोकावरील गावातील दिवा विझला तर त्याची दाद लागण्यासाठी केवढा डोंगराळ प्रदेश ओलांडावा लागेल! या काउंटीत कम्युनिटी कौन्सिलांची संख्या शंभरावर आहे, ती उगीच नव्हे.

याच्या उलट टोक शहरांत दिसते. राजधानी कार्डिफमध्ये अशा कौन्सिला केवळ सहा आहेत आणि त्या सर्व शहराच्या कडेकडेच्या वस्त्यांत आहेत. मर्थर टिडव्हिल या जुन्या लोखंड-कोळशाच्या गावाच्या हद्दीत एकच आहे. नकाशावर ‘कम्युनिटी’ ही सीमा वेल्सभर आखलेली आहे. पण प्रत्येक कम्युनिटीला कौन्सिल असलीच पाहिजे असा कायदा नाही. २०१८ मध्ये या संस्थांचा आढावा घेणाऱ्या स्वतंत्र समितीने त्या सर्व वेल्सभर असाव्यात अशी शिफारस केली. शिफारशी करणे सोपे असते.

तीस पौंडांचा हिशेब

कौन्सिलीचा पैसा येतो कोठून? तिला स्वतःचा करवसुली-कारकून नाही. आपल्याकडील ग्रामपंचायत घरपट्टी स्वतः आकारते व स्वतःच वसूल करते. वेल्समध्ये कौन्सिल फक्त रक्कम ठरविते. वर्ष सुरू होण्यापूर्वी ती आपल्या गरजेचा आकडा वरच्या संस्थेस कळविते. या मागणीस ‘प्रिसेप्ट’ म्हणतात. वरची संस्था ती रक्कम त्या गावच्या घरांवरील ‘कौन्सिल टॅक्स’मध्ये मिळवून वसूल करते आणि कौन्सिलीच्या हवाली करते. तीत काटछाट करण्याचा अधिकार वरच्या संस्थेस नाही. करदात्याच्या बिलावर मात्र या रकमेची वेगळी ओळ छापलेली असते, आणि त्या ओळीतच सगळे मर्म आहे.

समजा, एखाद्या गावातील घरे कराच्या प्रमाण दर्जात मोजता ६०० भरतात आणि कौन्सिलीने १८,००० पौंडांची मागणी केली. प्रत्येक प्रमाण घरावर वर्षाला ३० पौंड पडतील. आता कौन्सिलीने ३,००० पौंडांचे नवे बाक आणि कुंड्या बसवावयाच्या ठरविल्या तर त्याच घराला ३५ पौंड पडतील. हे गणित शाळेतील मुलालाही करता येते. राष्ट्रीय अंदाजपत्रकातील अब्जावधींचे आकडे ऐकून ज्याची जांभई थांबत नाही तो गृहस्थ या ५ पौंडांसाठी रात्री पावसातून सभेस येतो आणि विचारतो की, जुने बाक रंगवून भागले नसते काय?

खर्चाच्या बाबतीत कायद्याने या संस्थांना फार काळ आखडून धरले होते. कायद्यात स्पष्ट आधार असल्याशिवाय एक पेनीही खर्चावयाची नाही, हा दंडक. त्यामुळे दक्ष क्लार्क इतिवृत्तात प्रत्येक खर्चापुढे कायद्याचे नाव लिहून ठेवतो: भाजीपाल्याचे तुकडे १९०८ च्या कायद्याखाली, युद्धस्मारकाची डागडुजी १९२३ च्या, बसथांब्याचा निवारा १९५३ च्या, चौकातील सार्वजनिक घड्याळ १९५७ च्या. ज्यास कोणताच कायदा लागू पडत नाही अशा लोकोपयोगी खर्चासाठी १९७२ च्या कायद्याचे १३७ वे कलम आहे. परंतु तेथेही मतदारामागे वरची मर्यादा घातलेली असते. २०२४-२५ मध्ये ती १० पौंड ८१ पेन्स होती. शिवाय खर्चाच्या मानाने गावास होणारा लाभ यथायोग्य असला पाहिजे, अशी अट आहे. लाभ आणि व्यय यांची तुलना करण्याचे बंधन एवढ्या स्पष्ट शब्दांत ज्यांच्यावर घातले आहे अशा सरकारी संस्था थोड्याच असतील.

२०२१ च्या वेल्श कायद्याने हा दोर सैल केला आहे. ज्या कौन्सिलीचे किमान दोन-तृतीयांश सभासद निवडणुकीच्या मार्गाने आलेले आहेत, जिचा क्लार्क विहित परीक्षा उत्तीर्ण आहे आणि जिच्या हिशेबांवर लागोपाठ दोन वर्षे लेखापरीक्षकाचा प्रतिकूल शेरा नाही, तिला कोणतेही कायदेशीर काम करण्याची सर्वसाधारण मोकळीक मिळते. अटी वाजवी आहेत. पण छोट्या गावांपैकी कितीजणांना त्या पेलतील, हा प्रश्न उरतो.

येथे त्या क्लार्कविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. कारण बहुतेक ठिकाणी कौन्सिलीचा पगारी नोकर तो वा ती एवढाच असतो. आठवड्यातील काही तासांची ही नोकरी. कचेरी म्हणजे बहुधा क्लार्कच्या घरातील जेवणाचे टेबल आणि कपाटातील जुन्या इतिवृत्तांच्या वह्या. एकच व्यक्ती दोन-तीन गावांचे क्लार्कपद सांभाळते, असेही पुष्कळ ठिकाणी दिसते. सभेची सूचना तीन पूर्ण दिवस आधी लावणे, पत्रव्यवहार, हिशेब, विमा, ठरावाची अंमलबजावणी हे सारे त्याच्याकडे असते. मात्र त्याचा मालक कोणी एक सभासद नसतो; आज्ञा फक्त सभेची. कायद्याची एक खुबी अशी की, कौन्सिलीला आपला अधिकार समितीकडे सोपविता येतो, क्लार्ककडेही सोपविता येतो. पण एकट्या सभासदाकडे, मग तो अध्यक्ष का असेना, सोपविता येत नाही. आपल्या सरपंचाच्या सहीचे वजन ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही तरतूद नवलाची वाटेल. अध्यक्षांनी स्वतःच्या मनाने साधा दिवा दुरुस्त करण्यास सांगितला तरी ते नियमाबाहेरचे ठरते. गणसंख्या एक-तृतीयांश, पण तिनांहून कमी कधीच नाही. दारू विकली जाते अशा जागी सभा भरवू नये, असाही नियम आहे. फक्त दुसरी जागा फुकट किंवा वाजवी भाड्यात मिळत नसेल तर कायदा डोळेझाक करतो. कायदा करणाऱ्यांना खेड्यांची माहिती असावी.

मृतांची जबाबदारी

या सर्व कामांत वजनाने सर्वांत भारी काम दफनभूमीचे. पुष्कळशा कम्युनिटी कौन्सिला कायद्याने दफनाधिकारी संस्था आहेत. कोणाची कबर कोठे, तिच्यात आणखी किती जणांस जागा आहे, तिचा हक्क कोणाच्या नावे आहे, याची नोंदवही क्लार्क ठेवतो आणि दुःखात बुडालेल्या घरातून पहिला निरोप पुष्कळदा त्यालाच येतो. त्या क्षणी सरकार म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर त्या कुटुंबापुरते तो क्लार्कच असतो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने दफनभूमी हा एक विलक्षण व्यवहार आहे. कबरीचा एकाधिकार देताना कौन्सिल एकरकमी शुल्क घेते. हा हक्क अधिकात अधिक १०० वर्षांसाठी देता येतो. शुल्क या वर्षाच्या जमेत पडते. गवत कापणे, भिंती सांभाळणे, वाटा दुरुस्त ठेवणे हा खर्च मात्र शंभर वर्षे चालावयाचा. जागा संपत येते तशी जमा आटत जाते आणि खर्च तसाच राहतो. आज स्वस्तात कबर देणारी कौन्सिल उद्याच्या करदात्यावर बोजा टाकीत असते. महाग देणारी कौन्सिल आजच्या शोकाकुल कुटुंबाची कोंडी करते. गावाबाहेर राहावयास गेलेल्या माणसाला शेवटी आईवडिलांशेजारी विसावावयाचे असेल तर त्याच्याकडून दुप्पट वा त्याहून अधिक शुल्क घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. दफनभूमी गावच्या करावर चालते आणि तो कर त्याने भरला नाही, हा हिशेब बरोबर आहे. पण शेजाऱ्याच्या मुलासंबंधी हा हिशेब सभेत बोलून दाखविण्याची पाळी ज्याच्यावर येते त्याला तो सोपा जात नाही. त्यातच जुन्या, कललेल्या दगडांचा प्रश्न असतो. थडग्याचा दगड अंगावर पडून लहान मुले दगावल्याच्या घटना ब्रिटनमध्ये घडल्या आहेत. म्हणून प्रत्येक दगड पक्का आहे की नाही याची तपासणी करावी लागते आणि सैल दगड आडवा ठेवला तर त्या घराण्याचे नातेवाईक संतापून सभेस येतात. दोन्ही बाजू बरोबर असतात.

या विषयात एक निर्णय मात्र असा झाला की, ज्यात हिशेब बाजूस सारला गेला. मजूर पक्षीय खासदार कॅरोलिन हॅरिस यांचा लहान मुलगा १९८९ मध्ये वारला. त्या वेळी त्याच्या अंत्यविधीचा खर्च भागविणे त्यांना कठीण गेले होते. पार्लमेंटमध्ये गेल्यावर त्यांनी मुलांच्या दफनाचे शुल्क रद्द व्हावे यासाठी मोहीम चालविली. नोव्हेंबर २०१७ मध्ये वेल्स सरकार, वरिष्ठ स्थानिक संस्थांचा संघ आणि कम्युनिटी कौन्सिलांची ‘वन व्हॉइस वेल्स’ ही संघटना यांच्यात करार होऊन वेल्समध्ये मुलांच्या दफनाचे व दहनाचे शुल्क घेणे थांबले. संपूर्ण देशाची ही घोषणा प्रत्यक्षात उतरली ती गावोगावच्या त्या दराच्या तक्त्यांत, एका रकान्यातील आकडा खोडून.

सल्ला देण्याचा अधिकार

दफनभूमीत कौन्सिल मालक असते. बांधकामाच्या बाबतीत ती केवळ सल्लागार असते. गावातील प्रत्येक बांधकाम-अर्जाची माहिती तिला मिळते, ती आपले मत कळविते आणि निर्णय वरची संस्था घेते. मत फेटाळले गेले तर गावकरी दोष कौन्सिलीला देतात. रस्त्यांचेही तसेच. १७ सप्टेंबर २०२३ पासून वेल्समधील वस्तीच्या रस्त्यांवर वाहनांची सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ३० मैलांवरून २० मैलांवर आणण्यात आली. त्यावरून देशभर मोठा गदारोळ झाला. कोणता रस्ता या नियमातून वगळावा, हे ठरविणे वरच्या संस्थेच्या हाती होते. पण त्यासंबंधी ऐकून घेण्याची पाळी गावच्या सभासदावर दुकानाच्या रांगेत आली.

लहान गावात आणखी एक पेच असतो. अर्जदार हा कोणाचा मेहुणा, कोणाचा कूळ, कोणाचा वैरी. सभासदांना लागू असलेल्या आचारसंहितेची कसोटी अशी की, वस्तुस्थिती ठाऊक असलेल्या सामान्य माणसाला ज्याचा हितसंबंध निर्णयावर परिणाम करील इतका मोठा वाटेल, त्याने तो जाहीर करून खोलीबाहेर जावे. ही कसोटी काटेकोर लावली तर काही गावांत टेबलाभोवती कोणी उरणार नाही. म्हणून काउंटीच्या समितीकडून सूट मागण्याची सोय ठेवलेली आहे. आचारसंहिता मोडल्याच्या तक्रारी वेल्सच्या लोकसेवा-लोकपालांकडे जातात आणि त्यांतील पुष्कळशा कम्युनिटी कौन्सिलांतील आपसांतल्या भांडणांच्या असतात. गाव म्हटले की भांडण आलेच. वेल्सचे लोक त्याला अपवाद नाहीत.

भाषेचा प्रश्नही याच टेबलावर येतो. २०२१ च्या जनगणनेनुसार वेल्समधील १७.८ टक्के लोक, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार माणसे, वेल्श बोलू शकतात. वायव्येकडील ग्विनेद काउंटीत हे प्रमाण ६४.४ टक्के आहे. तिकडील अनेक कौन्सिलांचे कामकाज वेल्शमध्येच चालते. इंग्रजीखेरीज काही न समजणारा एक सभासद आला की प्रश्न उभा राहतो: सर्वांनी इंग्रजीकडे वळावे की दुभाष्याचे पैसे मोजावेत? काही हजार पौंडांत वर्ष काढणाऱ्या संस्थेला दुभाष्या हा मोठा खर्च आहे. पण आजीआजोबांपासून ज्या भाषेत गावच्या विहिरीवर वाद झाले तीच भाषा गावच्या सभेतून जाऊ लागली, तर शाळेत ती शिकविण्यावर सरकार जो पैसा खर्च करते त्याचे काय फळ मिळणार? लाभ-व्ययाच्या तक्त्यात या गोष्टीला कोणता आकडा द्यावा, हे अद्याप कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाने सांगितलेले नाही.

वरून येणारे ओझे

२०१० नंतर ब्रिटनमध्ये सरकारी काटकसरीचे पर्व सुरू झाले. वरच्या संस्थांच्या हातात येणारा पैसा आकसला आणि कायद्याने ज्या सेवा सक्तीच्या नाहीत त्यांवर प्रथम कुऱ्हाड आली. सार्वजनिक शौचालये ही त्यांतील ठळक. अनेक काउंट्यांनी गावांपुढे सरळ पर्याय ठेवला: शौचालय तुम्ही चालवावयास घ्या, नाहीतर आम्ही त्यास कुलूप लावतो. मैदाने, सभागृहे, काही ठिकाणी रस्त्यावरील दिवे यांचीही तीच गत झाली. समुद्रकाठच्या, पर्यटकांवर जगणाऱ्या गावाला शौचालय बंद करणे परवडत नाही. तेव्हा कौन्सिल ते घेते आणि आपली मागणी वाढविते. वर घेतलेल्या उदाहरणात शौचालयाचा वार्षिक खर्च ९,००० पौंड धरला तर घरामागील ३० पौंडांचे ४५ होतात. वरच्या संस्थेने आपला कर त्या प्रमाणात कमी केलेला नसतो. म्हणजे पूर्वी ज्या सेवेचे पैसे संपूर्ण काउंटी भरीत होती तिचे पैसे आता एक गाव भरते, आणि कराच्या बिलावर वाढ दिसते ती सर्वांत लहान संस्थेच्या ओळीत. यास विकेंद्रीकरण म्हणण्याची प्रथा आहे.

या हस्तांतराची दुसरी बाजूही आहे, ती नाकारता येणार नाही. गावाने चालविलेले शौचालय पुष्कळ ठिकाणी अधिक स्वच्छ असते. कारण ते घाण असेल तर सभासदाला दुकानात ऐकावे लागते. पण श्रीमंत गाव ते पेलू शकते. कोळसाखाणी बंद पडलेल्या दरीतील गावाला ते जड जाते. जबाबदारी जवळ आणल्याने कार्यक्षमता वाढली तरी विषमताही वाढते, हा जुना अनुभव येथेही येतो आणि त्यावर उपाय म्हणून वरून मिळावयास हवी अशी नियमित समानीकरणाची मदत या कौन्सिलांना नाही.

लाल रंगाच्या टेलिफोन-पेट्यांचे उदाहरण बोलके आहे. मोबाइल फोन आल्यावर त्या निकामी झाल्या. २००८ पासून टेलिफोन कंपनीने त्या गावांना प्रत्येकी एका पौंडाला देऊ केल्या. अनेक गावांनी त्या घेतल्या आणि त्यांत हृदयक्रिया बंद पडलेल्या माणसास विजेचा धक्का देणारे ‘डीफिब्रिलेटर’ यंत्र बसविले. रुग्णवाहिका येण्यास वेळ लागणाऱ्या डोंगराळ मुलखात हे यंत्र जीव वाचवू शकते. पेटी एक पौंडाची. यंत्राची बॅटरी आणि छातीला लावावयाच्या पट्ट्या मात्र ठरावीक काळाने बदलाव्या लागतात, पेटीला रंग द्यावा लागतो, तिची दर आठवड्यास पाहणी करावी लागते. ती कोणी करावयाची? बहुधा टेबलाभोवतीच्या त्या आठ-दहा जणांपैकी कोणीतरी.

रिकाम्या खुर्च्या

आणि ते आठ-दहा जण मिळणेच आता कठीण होत चालले आहे. निवडणूक दर पाच वर्षांनी होते. मे २०२२ च्या निवडणुकीत निम्म्याहून अधिक जागांवर लढतच झाली नाही आणि अनेक जागांसाठी एकही अर्ज आला नाही. जागा रिकामी राहिली तर कौन्सिल सूचना लावून एखाद्यास स्वीकृत सभासद म्हणून घेते. बिनविरोध निवड आपल्याकडे गावच्या एकोप्याचे लक्षण मानून तिचे कौतुक होते. वेल्समध्ये बिनविरोध याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की दुसरे कोणी तयार नव्हते. सभासदाला घरून काम करताना होणाऱ्या जादा खर्चापोटी वर्षाला १५६ पौंड, म्हणजे आठवड्याला ३ पौंड, मिळण्याची तरतूद २०२३-२४ पासून आहे आणि ते नको असल्यास तसे लिहून द्यावे लागते. गावच्या पैशातून आपण घेतले, असे कोणी म्हणू नये म्हणून लिहून देणारे पुष्कळ आहेत.

स्वीकृत सभासदांवर चालणाऱ्या कौन्सिलीत माणसे वाईट असतात असे नाही. परंतु ज्याने मत मागितले नाही त्याने कर वाढविला, तर करदात्याने कोणाला घरी बसवावयाचे? तीस पौंडांच्या हिशेबाचे सगळे बळ या एका धमकीत असते. शिवाय २०२१ च्या कायद्याची दोन-तृतीयांश निवडलेल्या सभासदांची अट येथेच आडवी येते: ज्या गावांत माणसे पुढे येत नाहीत तीच गावे वाढीव अधिकारांना मुकतात, आणि अधिकार नाहीत म्हणून माणसे पुढे येत नाहीत. वेल्सच्या महालेखापरीक्षकांच्या अहवालांतून उशिरा सादर झालेले हिशेब, मंजुरीशिवाय दिलेल्या रकमा आणि क्लार्कच्या कामावर कोणाची देखरेख नसणे, हे दोष वारंवार दाखविले गेले आहेत. प्रत्येक मतदाराला वर्षाचे हिशेब उघडून पाहण्याचा व लेखापरीक्षकास प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. तशी नोटीस दरवर्षी फळ्यावर लागते. वह्या पाहावयास मात्र क्वचितच कोणी येतो.

काही दारे उघडली गेली आहेत. २०२२ पासून स्थानिक निवडणुकांत १६ वर्षांच्या मुलामुलींना मत देता येते. सभेला दूर राहून दूरध्वनीवरून वा संगणकावरून हजर राहता यावे, अशी व्यवस्था बंधनकारक झाली आहे. लहान मुलांची आई आणि मेंढ्यांच्या विणीच्या दिवसांतील शेतकरी यांची त्यामुळे सोय झाली. सभेत उपस्थित नागरिकास विषयपत्रिकेवरील विषयासंबंधी बोलण्याची वाजवी संधी देणे हेही आता अध्यक्षाचे कर्तव्य आहे. उमेदवारीची अट मोठी नाही: १८ वर्षे पूर्ण असावीत आणि मागील वर्षभर कम्युनिटीत किंवा तिच्यापासून तीन मैलांच्या आत वास्तव्य असले तरी पुरते. राष्ट्रकुलातील देशांच्या नागरिकांना मताचा व उमेदवारीचा हक्क असल्याने वेल्सच्या रुग्णालयांत नोकरीनिमित्त रीतसर राहणाऱ्या मराठी डॉक्टर वा परिचारिकेसही ही खुर्ची मोकळी आहे.

२०२२ नंतरची सार्वत्रिक निवडणूक मे २०२७ ची. त्यापूर्वीच्या वसंतात बसथांब्याशेजारच्या फळीवर क्लार्क उमेदवारी अर्जांची सूचना लावील. तिच्याच शेजारी, टाचणीने टोचलेले, दफनभूमीच्या नव्या दरांचे पत्रक असेल आणि कुत्र्यांच्या घाणीविषयीची विनंती असेल. अर्ज देण्याची मुदत संपली की कोणत्या गावात किती नावे आली ते कळेल.